खणातला बंद मोबाइल कुणाच्या हातात द्यायचा?

मुंबईच्या घरांत जागेची मारामार असते. वन रूम किचनमध्ये चार-पाच माणसं राहतात, गाद्या रोज गुंडाळून ठेवाव्या लागतात. तरी टीव्हीखालच्या खणात किंवा कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात दोन-तीन बंद मोबाइल असतातच. आकडे झिजलेला की-पॅडचा नोकिया. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सच्या 'मॉन्सून हंगामा' योजनेत 501 रुपये भरून घेतलेला सीडीएमए हँडसेट, ज्याचं नेटवर्कही आता बंद पडलं आहे. काच तडकलेला पहिला स्मार्टफोन. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळे बाहेर येतात, फडक्याने पुसले जातात आणि पुन्हा त्याच डब्यात जातात.

हे जगभर चालतं. ई-कचऱ्यावर काम करणाऱ्या 'डब्ल्यूईईई फोरम' या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये अंदाज मांडला होता की लोकांकडे असलेल्या सुमारे 1600 कोटी मोबाइलपैकी 530 कोटी त्या एका वर्षात वापरातून बाद होतील. त्यातले फार थोडे योग्य ठिकाणी पोहोचतात, बाकीचे घरातच राहतात किंवा कचऱ्यात जातात.

घरात ठेवण्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. आत फोटो आहेत, बँकेचे मेसेज आहेत, ते कुणाच्या हाती लागले तर? शिवाय कधीकाळी पंधरा-वीस हजार मोजलेली वस्तू फुकट देववत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे द्यायचा कुणाला हेच ठाऊक नसतं. या तिन्हींची उत्तरं आहेत. मात्र आधी त्या डब्यात नेमकं काय पडलं आहे ते बघू, कारण एकदा ते कळलं की फोन कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे आपोआप लक्षात येतं.

आत काय असतं

मोबाइलमध्ये काच, प्लास्टिक, ॲल्युमिनियम आणि लोखंड असतं, हे वरून दिसतं. मोलाचा माल असतो तो आतल्या हिरव्या किंवा काळ्या सर्किट बोर्डवर. त्यावर तांब्याच्या बारीक रेषा असतात, जोडांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, डाग देण्यासाठी कथील आणि चांदी असते, काही सुट्या भागांत पॅलेडियम आणि टँटलम असतं. स्पीकरमध्ये आणि फोन थरथरवणाऱ्या छोट्या मोटरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं. बॅटरीत लिथियम आणि बहुतेक वेळा कोबाल्ट असतो. जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात, हे अनेक वर्षं जगजाहीर आहे.

हे सगळं एका फोनमध्ये चिमूटभर असतं. पण फोन असतात कोटींनी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला एक हिशेब नेहमी सांगितला जातो: दहा लाख मोबाइलमधून सुमारे 16 टन तांबं, 350 किलो चांदी, 34 किलो सोनं आणि 15 किलो पॅलेडियम निघू शकतं. म्हणजे एका फोनमागे सोनं साधारण 34 मिलिग्रॅम. हा हिशेब जुन्या फोनचा आहे, नव्या फोनमध्ये सोनं कमी वापरतात. तरीही टनभर फोनमध्ये सोनं शंभर ग्रॅमच्या पुढे सहज जातं. खाणीतल्या टनभर खडकातून पाच ग्रॅम निघालं, तरी ती खाण चांगली मानतात.

टोकियोने हे करून दाखवलं. तिथल्या ऑलिंपिकसाठी लागणारी सुमारे 5000 पदकं जपानने लोकांकडून गोळा केलेल्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची बनवली. एप्रिल 2017 ते मार्च 2019 या काळात सुमारे 79 हजार टन छोटी उपकरणं जमली, त्यांत 62 लाखांहून जास्त मोबाइल होते. त्यातून 32 किलो सोनं आणि 3500 किलो चांदी निघाली. लोकांनी आपापल्या खणातून काढून पेटीत टाकलेला माल होता तो.

आता दुसरी बाजू. याच फोनमध्ये त्रासदायक पदार्थही असतात. जुन्या फोनच्या डागकामात शिसं असे. काही जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम असे. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त रसायनं घालत. भारतात 1 मे 2014 पासून शिसं, पारा, कॅडमियम, षटसंयुजी क्रोमियम आणि अशी दोन प्रकारची ब्रोमिन रसायनं यांच्यावर मर्यादा आली: कॅडमियम 0.01 टक्के, बाकीचे 0.1 टक्के. त्यामुळे नवा फोन आधीच्यापेक्षा बराच निर्धोक आहे. मात्र आपल्या डब्यातले फोन बहुधा त्याआधीचे असतात. ते हातात धरल्याने काही होत नाही. ते जाळले, फोडले, आम्लात बुडवले की धोका सुरू होतो.

भंगारातून पुढे

भंगारवाल्याला खलनायक ठरवणं मला अजिबात मान्य नाही. मुंबईचा कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक परत कारखान्यात पोहोचतं ते भंगारवाले, धारावीतले कारागीर आणि कचरा वेचणाऱ्या बायका यांच्या कष्टांवर. मोबाइलच्या बाबतीतही साखळीचा पहिला टप्पा उपयोगाचाच असतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात, ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, कुर्ल्यात, गल्लोगल्लीच्या दुरुस्तीच्या दुकानांत बंद फोनचा डिस्प्ले, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचा जॅक, कधी एखादी आयसीसुद्धा काढून दुसऱ्या फोनला बसवतात. कारागीर हॉट एअर गनने बोर्डवरची चिप उचलतो आणि तुमचा फोन आठशे-हजारात पुन्हा चालू करून देतो. फोनचं आयुष्य वाढवण्यात या माणसांइतकी मदत दुसऱ्या कुणाची होत नसेल.

गडबड होते ती त्यानंतर. सगळे चालणारे भाग काढल्यावर नुसता बोर्ड उरतो. तो किलोवर विकला जातो. गोणी भरून माल दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला पोहोचतो. तिथे लहानशा खोल्यांत, उघड्यावर, बोर्ड तापवून डाग सोडवतात, वायरींवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात, आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण आम्लराज वाचलेलं असतं: हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग, नायट्रिक आम्ल एक भाग, सोनं विरघळवणारं मिश्रण. ते तिथे प्लास्टिकच्या टबात असतं आणि माणूस साधे रबरी मोजे घालून, कधी मोज्यांशिवाय, वाफेत उभा असतो. सोनं काढून झालं की उरलेलं तांबं-शिसं मिसळलेलं आम्ल गटारात ओततात. जळालेल्या प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिन हे अतिशय विषारी रसायन असतं. मुरादाबादमध्ये रामगंगा नदीच्या काठावर टाकलेल्या ई-कचऱ्याच्या काळ्या राखेचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जून 2021 मध्ये याच विषयावर मुलांना केंद्रस्थानी ठेवून अहवाल काढला. कारण स्पष्ट आहे. अशा वस्तीत मुलं आसपास खेळतात, त्याच जमिनीवर बसतात, काही कामही करतात. मुलांचं शरीर शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषतं आणि ते वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. शिशाची 'एवढी चालेल' अशी कुठलीच सुरक्षित पातळी सापडलेली नाही.

आणि एवढं करूनही या पद्धतीत धातू पुरते निघत नाहीत. सोनं आणि तांबं थोडंफार हाती लागतं, पॅलेडियम आणि बाकीचे वाया जातात.

नोंदणीकृत कारखान्यात काय होतं? आधी बॅटरी वेगळी होते, कारण तिचा रस्ताच निराळा आहे. मग फोन सुटा करतात. प्लास्टिक, ॲल्युमिनियम, काच वेगळी. बोर्डाचा भुगा करून तो भट्टीत जातो, जिथे हजार अंशांपेक्षा जास्त तापमानाला तांबं वितळतं आणि सोनं, चांदी, पॅलेडियम त्या तांब्यात उतरतं. पुढे विद्युत-रासायनिक पद्धतीने ते एकेक वेगळं करतात. निघणारा वायू गाळून, पुन्हा जाळून मगच बाहेर सोडतात. अशा मोठ्या भट्ट्या जगात मोजक्या आहेत. म्हणून भारतातले काही कारखाने बोर्ड वेगळे करून युरोप किंवा जपानला पाठवतात आणि काही इथेच रासायनिक पद्धतीने धातू काढतात. बॅटऱ्यांचा भुगा करून जी काळी पूड मिळते तिला या धंद्यात 'ब्लॅक मास' म्हणतात. तिच्यातून लिथियम, कोबाल्ट, निकेल परत मिळवतात.

इथेही सगळं हाती लागत नाही. टँटलम आणि चुंबकांतले निओडिमियमसारखे 'दुर्मिळ मृदा धातू' बहुतेक वेळा भट्टीच्या मळीत जातात. जगाची दुर्मिळ मृदा धातूंची जेमतेम एक टक्का गरज ई-कचऱ्यातून भागते. म्हणून माझं ठाम मत आहे की फोन भट्टीपर्यंत जितका उशिरा जाईल तितकं बरं. फोनमुळे होणाऱ्या कर्बउत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, आपण रोज करतो त्या चार्जिंगचा वाटा त्यामानाने थोडा. हजार-दोन हजारात नवी बॅटरी टाकून फोन आणखी दोन वर्षं चालला, तर सर्वोत्तम पुनर्प्रक्रियेनेही जे साधत नाही ते साधतं. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. तिथे कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते. फोन बाद ठरवण्याआधी एकदा तिथे नजर टाकायला हरकत नाही.

कायदा कुणाला काय सांगतो

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम 2011 चे, अंमल मे 2012 पासून. मग 2016 चे आले. सध्या लागू आहेत ते 2022 चे, 1 एप्रिल 2023 पासून. त्यांचं मूळ तत्त्व सोपं आहे: ज्या कंपनीने फोन बाजारात आणला, तिनेच तो संपल्यावर त्याची विल्हेवाट लावायची. याला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. कंपनीला दरवर्षी लक्ष्य असतं. काही वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या हिशेबाने 2023-24 आणि 2024-25 साठी ते 60 टक्के होतं, पुढच्या दोन वर्षांसाठी 70 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के.

कंपनी स्वतः फोन फोडत बसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना ई-कचऱ्यातून धातू काढतो, त्याबद्दल त्याच्या नावावर प्रमाणपत्रं जमा होतात आणि कंपनी ती विकत घेऊन आपलं लक्ष्य पूर्ण झालं असं दाखवते. हा हिशेब सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर बेतलेला आहे. कोबाल्ट, टँटलम, निओडिमियम यात नाहीत, आणि ही मला या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. ज्याची नोंद होत नाही त्याच्यामागे कुणी धावत नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी 1500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिने या बाजूला थोडा जोर यावा अशी अपेक्षा आहे.

पैशाचं गणितही बघण्यासारखं आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने ठरवलं की कंपन्यांनी कारखान्यांना किमान इतके पैसे द्यायचेच: घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोला 22 रुपये आणि स्मार्टफोनसाठी 34 रुपये. काही मोठ्या कंपन्यांना तेही जास्त वाटले आणि त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आता एक स्मार्टफोन धरा 200 ग्रॅमचा. म्हणजे त्याच्या वाट्याला आले सुमारे सात रुपये. एवढ्याशा रकमेसाठी तुमच्या दहिसरच्या किंवा डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर कुणी एका फोनसाठी जिने चढणार नाही. भंगारवाला चढतो, कारण त्याला सुटे भाग विकून त्याहून कितीतरी जास्त मिळतात. योग्य रस्ता ओस का पडतो, त्याचं उत्तर या सात रुपयांत आहे, आणि त्याच्यावरचा उपायही यातूनच निघतो. त्याकडे शेवटी येतो.

घरगुती ग्राहकाला या नियमांत दंडाची भीती नाही. एका आर्थिक वर्षात 1000 किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थांवर मात्र बंधन आहे, त्यांना आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा लागतो. तुमचं ऑफिस एवढं मोठं असेल, तर तिथे ही व्यवस्था आधीच असणार. कर्मचाऱ्यांचे घरचे फोनही त्यात घेता येतील का, हे ॲडमिनला विचारून बघा. अनेक ठिकाणी आनंदाने घेतात.

बॅटरी: खणातला खरा धोका

खणात पडलेल्या फोनचं काय बिघडतं, असं वाटू शकतं. बिघडतं ते बॅटरीत. लिथियम-आयन बॅटरीत दोन बाजूंच्या थरांमध्ये एक अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि त्यात पेट घेणारा द्राव भरलेला असतो. वर्षानुवर्षं पडून, मुंबईच्या उकाड्यात, आतल्या द्रावाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. फोनचं मागचं झाकण उचललं गेलेलं दिसलं, स्क्रीन कडेने सुटलेली दिसली, तर ओळखावं. अशा बॅटरीला टोक लागलं किंवा ती दाबली गेली की पडदा फाटतो, आत शॉर्ट होतं आणि उष्णता वाढत जाऊन ती पेटते. एकदा पेटली की ती आग स्वतःच स्वतःला वाढवते.

म्हणून फुगलेला फोन पुन्हा चार्जिंगला लावून 'बघतो चालतो का' हा प्रयोग करू नका. झाकण दाबून बसवू नका. डोळ्यांसमोर डेटा नष्ट व्हावा म्हणून काही जण फोनवर हातोडा मारतात, ते तर मुळीच नको. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवा, पडदे आणि गाद्यांपासून लांब, आणि शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. कुरिअरने पाठवू नका. जुन्या फोनची बॅटरी सहज निघत असेल, तर ती काढून तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

हेच कारण आहे की मोबाइल सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. सोसायटीच्या डब्यातला कचरा पालिकेच्या कॉम्पॅक्टर गाडीत दाबला जातो, बॅटरी त्या दाबाखाली चिरडते. गाडीतून वाचली तर वर्गीकरण केंद्रात हाताने कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात येते. कचऱ्यासोबत पुढे कांजूरमार्गच्या कचराभूमीत गेलेला फोन परत मिळवता येत नाही.

डेटाची भीती आणि तिच्यावरचा उपाय

ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर मात करता येते. गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या स्मार्टफोनमध्ये आतली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि ती उलगडणारी किल्ली फोनमध्येच असते. फॅक्टरी रीसेट केलं की ती किल्ली नष्ट होते. तिजोरी जागेवर राहते, पण किल्ली वितळवून टाकलेली असते आणि दुसरी कुठे नसते. म्हणून नव्या फोनवर साधं रीसेट पुरेसं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्मार्टफोनमध्ये ही सोय असेलच असं नाही. त्यावर रीसेट करून, मोठे निरुपयोगी व्हिडिओ भरून जागा पूर्ण व्यापायची आणि पुन्हा रीसेट करायचं, म्हणजे जुन्या माहितीवर नवी लिहिली जाते.

रीसेटच्या आधीचा क्रम महत्त्वाचा आहे. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या आणि तो नव्या फोनवर खरोखर उघडतो का ते बघा. बँकेची आणि यूपीआयची ॲप नव्या फोनवर सुरू करा. ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातली खाती नव्या फोनवर न्या, इथे लोक हमखास अडकतात. सिम आणि मेमरी कार्ड काढा. ई-सिम असेल तर ते पुसा. मेमरी कार्ड रीसेटने कोरं होत नाही, ते वेगळंच राहतं. त्यानंतर गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून फोनवर बाहेर पडा, आयफोनवर 'फाइंड माय' बंद करा. ही पायरी राहिली, तर पुढचा माणूस फोन चालू करताना तुमचा पासवर्ड मागितला जातो आणि चांगला फोनही फक्त सुट्या भागांपुरता उरतो. मग रीसेट.

फोन चालूच होत नसेल तर? कॉम्प्युटरवरून किंवा दुसऱ्या फोनवरून आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून तो फोन साइन आउट करा, महत्त्वाचे पासवर्ड बदला, आणि देताना त्या संस्थेकडे डेटा नष्ट केल्याचं लेखी मागा. अनेक नोंदणीकृत कारखाने ते देतात.

रस्त्यावरून 'टूटा-फूटा मोबाइल' असं ओरडत जाणाऱ्याला टब किंवा डब्याच्या बदल्यात फोन देण्याआधी मात्र थांबा. 2024 मध्ये तेलंगणातल्या रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी असेच घरोघर फिरून गोळा केलेले सुमारे चार हजार फोन पकडले. ते झारखंडमधल्या सायबर गुन्हेगारांकडे जाणार होते, असं तपासात पुढे आलं. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो, आणि ज्या फोनवरून गुन्हा घडतो त्याच्या क्रमांकावरून तपास मागे मागे येतो. *#06# दाबून तो क्रमांक बघा, वहीत लिहून ठेवा आणि फोन कुणाला, कधी दिला तेही शेजारी लिहा.

मुंबईत नेमकं कुठे

फोन चालू असेल तर आधी घरातच बघा. कुणाला देणार असाल, तर त्याला सुरक्षा अपडेट अजून येतात का ते तपासा. येत नसतील तर त्यावर बँकेची ॲप टाकू नका असं घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. शिकणाऱ्या मुलीला व्हिडिओ बघायला, आजोबांना अभंग ऐकायला तो चालतो. घरकामाला येणाऱ्या ताईंना देताना चार्जरसकट, बॅटरी तपासून द्या, बिघाड त्यांच्या गळ्यात मारू नका.

विकायचा असेल तर लवकर विका. आज पाच हजार येतील त्याचे वर्षभराने दोन हजार होतात आणि मग शून्य. नवा फोन घेताना एक्स्चेंजमध्ये दिला तरी चांगलं, असे फोन बहुतेक दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. विकत घेणाऱ्या बाजूला असाल, तर 'केवायएम', मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला आहे का ते लगेच कळतं. 'संचार साथी' पोर्टलवरही ही सोय आहे.

पूर्ण बंद फोनसाठी पहिला दरवाजा त्याच कंपनीचा. तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा वेबसाइटवरच्या ई-कचरा विभागात तो कुठे स्वीकारतात हे विचारा. जबाबदारी तिची आहे, त्यामुळे संकोच नको. कंपनीच बंद पडली असेल, आणि जुन्या फोनच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे परवानाधारक कारखान्यांची यादी असते. मंडळाचं मुख्यालय आपल्याच सायनला आहे, यादी त्यांच्या वेबसाइटवर मिळते. ठाणे, वसई, नवी मुंबईच्या बाजूला असे कारखाने आहेत. 'आम्ही ई-वेस्ट घेतो' असं सांगणारा कुणीही आला तर त्याला एकच प्रश्न विचारा: माल शेवटी कुठल्या नोंदणीकृत कारखान्यात जातो? त्याला नाव सांगता आलं नाही तर देऊ नका.

आता त्या सात रुपयांवरचा उपाय. एकट्याचा फोन न्यायला गाडी येत नाही, पण साठ घरांच्या सोसायटीचा ई-कचरा न्यायला येते. मोबाइलसोबत चार्जर, इअरफोन, रिमोट, बंद पडलेला राउटर, मिक्सर, कीबोर्ड असं सगळं जमवलं की वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. गणेशोत्सवाची किंवा प्रजासत्ताक दिनाची सभा असते तेव्हा सगळे खाली जमतात, तोच दिवस धरा. आधी कारखान्याशी बोलून किमान किती वजन हवं ते ठरवा. नोटीस बोर्डावर आठ दिवस आधी लावा, त्यात डेटा पुसण्याचा क्रम लिहा आणि ज्येष्ठांना मदत करायला सोसायटीतली कॉलेजची मुलं बसवा. चाळीत असाल तर मजल्यामजल्यावरून एक मुलगा फिरला तरी काम होतं. गाडी आली की वजन तुमच्यासमोर होऊ द्या आणि पावतीवर कारखान्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि किलो लिहून घ्या. पैसे मिळाले तर ते सफाई कामगारांमध्ये वाटा. फुगलेल्या बॅटरीचे फोन सुरुवातीपासून वेगळ्या डब्यात जमा करा, आणि गाडीतल्या माणसाला सगळ्यात आधी तो डबा दाखवा.